डॉरीनचं आधीचं रक्त

मंगळवार, ३ जुलै

पुन्हा काळं! पाचव्यांदा!

लोसाने सकाळी नवी काच मायक्रोस्कोपखाली सरकवली, मी तिच्या खांद्यामागे उभी. खोलीत अंधार, दाराला आतून जाड पडदा. आधी हिरवा फिल्टर — मेंढीपासून केलेली आमची जुनी अँटिबॉडी. झगमगाट! प्रत्येक पेशीभोवती हिरवं कडं, गेली चौदा वर्षं दिसतंय तसंच. मग लाल फिल्टर. काच तीच, पेशी त्याच, शोधायचं प्रथिनही तेच — फक्त अँटिबॉडी नवी, उंदरापासून केलेली, लाल रंग लावलेली. आणि काळं. मिट्ट. कुठे एक ठिपकासुद्धा नाही.

हिरवं जिथे आहे तिथेच लाल दिसायला हवं. एवढंच. पोरगी पीएचडीसाठी फेब्रुवारीपासून याच्यामागे आहे.

लॅकलन दारातूनच म्हणाला, "लोसा, हात सुधार. धुताना घाई करतेस तू." आमचा प्रोफेसर पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय, त्याआधी सगळ्यांचे हात सुधारून जायचंय त्याला. लोसाने मान हलवली. ती मान हलवते तेव्हा हो म्हणतेय की मनात शिव्या देतेय, काही कळत नाही.

तिच्या हातांत काही खोट नाही. या खोलीत मी एकोणीस जणांना हे काम शिकवलं, इतके स्थिर हात दोघातिघांचेच होते.

हे मी लॅकलनला तिथल्या तिथे सांगू शकले असते. नाही सांगितलं. पिपेटांचे डबे खाली उतरवले, पुसले, परत वर ठेवले. दुपारी पुन्हा तेच केलं.

बुधवार, ४ जुलै

सांगायला हवं. आज नाही सांगितलं.

शुक्रवार, ६ जुलै

साडेदहाचा चहा. लोसाच्या आईने ओमारूहून नारळाच्या दुधातले गोड पाव पाठवले होते. सगळे तुटून पडले. आणि समोर भिंतीवर फ्रेममध्ये — आमची मेंढी, डॉरीन! पांढऱ्या तोंडाची, कानात ४१७ चा बिल्ला, कॅमेऱ्याकडे तुच्छतेने बघणारी. नाताळात तिला झिरमिळ्या लावतात. ती मेली तेव्हा सगळ्या मजल्याने एक मिनिट शांतता पाळली होती. थट्टाच होती, पण लॅकलनचे डोळे खरंच ओले झाले होते. तिचं रक्त अजून पुरतंय. जर्मनीहून, जपानहून लोक दोन-दोन थेंब मागतात.

मी चहा अर्धा टाकून उठले. हल्ली त्या फोटोसमोर बसवत नाही.

लिहूनच टाकते. इथे नाही तर कुठे.

मेव्हणा मर्व विचारतो, तुम्ही तिथे नक्की करता काय? त्याला मी असं सांगते: धुक्यात हरवलेली मेंढी दिसत नाही, म्हणून तिच्या मागावर कुत्रा सोडायचा आणि कुत्र्याच्या गळ्यात दिवा बांधायचा. मेंढी म्हणजे प्रथिन. कुत्रा म्हणजे अँटिबॉडी. दिवा म्हणजे आमचा चमकणारा रंग. आपल्याला फक्त दिवा दिसतो. दिवा थांबला की म्हणायचं, मेंढी इथे आहे.

असा कुत्रा तयार करायचा तर एखाद्या जनावराला ते प्रथिन टोचायचं. मग त्याच्या रक्तात अँटिबॉडी तयार होतात. जून १९९८. मी सत्तावीस वर्षांची, नोकरीला पाच महिने झालेले, कायम व्हायची होते. लॅकलनला मेंढी हवी होती आणि माझ्या बहिणीचं, कोरलीचं, ओवाक्याजवळ शेत. तिने जुळ्या मेंढ्या दिल्या, ४१७ आणि ४१८. टोचायचं ४१७ ला. ४१८ नुसती सोबतीला, कारण एकटी मेंढी चरत नाही.

नियम एकच, पण मोडायचा नाही असा. टोचण्याआधी रक्त काढून ठेवायचं. आधीचं रक्त. नंतरचं चमकलं आणि आधीचं नाही चमकलं, तरच म्हणता येतं की ही चमक आपल्या प्रथिनामुळे आहे. नाहीतर मेंढीच्या रक्तात आधीपासून काय काय असतं! लसी, जंत, चिखल.

मी काढलं. खरंच काढलं! नळी कोटाच्या खिशात टाकली, लॅकलनला हात केला, त्याने टोचलं. मग फाटकावरून चढून येताना माझा पाय घसरला. जून म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा, बर्फ होता. खिशात कच्चकन आवाज झाला आणि कोट ओला. लॅकलन गाडीत हीटर लावून बसलेला, भोंगा वाजवतोय. मी काही बोलले नाही. पुढच्या आठवड्यात एकटीच गेले आणि ४१८ चं रक्त काढलं. चिकटपट्टीवर लिहिलं — ४१७, आधीचं. जुळी बहीण, एकच आई, एकच गवत. म्हटलं, काय फरक पडणार आहे!

ते काळं आलं. डॉरीनचं हिरवं आलं. लॅकलन अक्षरशः नाचला. लेखात दोन फोटो शेजारी-शेजारी छापले, काळा आणि हिरवा. कंपवाताने गेलेल्या माणसांच्या मेंदूत मरणाऱ्या पेशींभोवती आमचं प्रथिन गोळा होतं — हे सगळं त्या दोन फोटोंवर उभं आहे. त्याच्यावर अजून किती जणांनी काय काय उभं केलंय, देव जाणे.

चौदा वर्षं मला याचं काही वाटलं नाही. खोटं कशाला लिहू, वर्षातून एकदा वाटायचं. आता रोज वाटतंय.

सोमवार, ९ जुलै

आज लोसाने नेमकं तेच मागितलं!

"नोएलीन, डॉरीनच्या आधीच्या रक्ताची नळी आहे ना अजून? मला एकदा लावून बघायचीय."

"थेंबभर उरलंय गं. वाया नको घालवूस."

"वाया? इथे माझं अख्खं वर्ष वाया चाललंय!"

"बघते," म्हटलं.

खाली फ्रीझरच्या खोलीत गेले. दार न उघडता उभी राहिले. वर येऊन म्हटलं, सापडत नाहीये, उद्या बघू. ती "थँक्यू" म्हणाली. थँक्यू! बाकीची मुलं न विचारता नेतात, ही प्रत्येक गोष्ट विचारते.

आणि दिली असती तरी काय झालं असतं? काळंच आलं असतं. तिला वाटलं असतं, मेंढी खरी आणि मीच नालायक.

गुरुवार, १२ जुलै

लोसा दिवसभर चर्चमधली गाणी गुणगुणते. एकच ओळ, तीही अर्धी. आज डोकं उठलं. "गायचं असेल तर चर्चमध्ये जा!" असं खेकसले तिच्यावर. गप्प झाली. मग ती शांतता ऐकवेना. उगीचच सेंट्रिफ्यूज रिकामा फिरवला.

थोड्या वेळाने स्वतःच बोलली. काच धुता-धुताच, माझ्याकडे न बघता. "एकतीस तारखेला समितीपुढे जायचंय मला. ते ठरवणार, पुढे ठेवायचं की नाही. लॅकलनने लिहून दिलंय त्यांना."

"काय लिहिलंय?"

"माझं काम भरवशाचं नाही म्हणून."

"असं लिहिलं त्याने?"

"गोड शब्दांत. पण तेच." मग हसली. "ओमारूला दुधाच्या कारखान्यात जागा आहे. दुधातली साय मोजायची. आईला सांगून ठेवलंय, येते म्हणून. बाबांना नाही सांगितलं अजून. सत्तावीस वर्षं मीटवर्क्समध्ये, मेंढ्या कापायच्या कारखान्यात, सुरी चालवतायत ते. कारखान्यात सगळ्यांना सांगून बसलेत, आमची लोसा मेंदूची डॉक्टर होणार. मी म्हटलं बाबा, तसली डॉक्टर नाही हो! तर म्हणाले, गप्प बस, तसलीच."

मला हसू आलं. मग दिवस मोजले. एकोणीस दिवस आहेत.

शुक्रवार, १३ जुलै

तोंड उघडलं आणि म्हटलं, "लोसा, हातमोजे संपलेत, मागवू का?"

रविवार, १५ जुलै

घरात बसवेना. ओवाक्याला गेले. दीड तास गाडी चालवली, रेडिओ लावला, बंद केला, परत लावला.

मर्व अंगणातच होता, कुत्र्यांना खायला घालत. "या या, शास्त्रज्ञीणबाई! आमच्या कोणत्या पोरीचा फोटो लावायचाय या वेळी भिंतीवर?"

"रक्त हवंय मला. चार मेंढ्यांचं. ज्यांना काहीही टोचलेलं नाही अशा."

"लस तर सगळ्यांना देतो."

"तुझी लस चालेल. आमचं काही टोचलेलं नको."

कोरली दारात आली, हात पिठाचे. माझ्याकडे नीट बघितलं. "काय गं, चेहरा का उतरलाय? खाल्लंस का काही?" आमच्या कोरलीला सगळ्या दुखण्यावर एकच औषध. बसवून मटणाचं सूप पाजलं.

दुपारी मर्वने मेंढ्या धरल्या, मी मानेची लोकर बाजूला करून सुई घातली. हात बरोबर चालत होते. चौथीच्या वेळी मर्व म्हणाला, "ते तुझं कुत्रा-दिव्याचं गणित मी परवा आमच्या पबमध्ये सांगितलं. सगळ्यांना पटलं. फक्त एकाने विचारलं, कुत्रा भलत्याच मेंढीपाशी जाऊन बसला तर? दिवा तर तसाच दिसणार."

मी सुई बाहेर काढली. म्हटलं, "मान घट्ट धर."

"धरलीय की! चिडतेस काय?"

चारही नळ्या मांडीवर रुमालात गुंडाळून घेऊन आले. खिशात नाही ठेवल्या.

मंगळवार, १७ जुलै

काल रक्त फिरवून सीरम वेगळं केलं. मेंदूच्या पाच पातळ चकत्या, पाच काचा. चारांवर चार मेंढ्यांचं सीरम, पाचवीवर नुसतं पाणी-मीठ. रात्रभर फ्रिजमध्ये राहू दिलं. आज सातच्या आधी आले, बाहेर पायऱ्यांवर दहिवर गोठलेलं, आत कोणी नाही. तीनदा धुतलं. मग मेंढीच्या अँटिबॉडीला पकडणारा हिरवा रंग, तासभर. परत तीनदा धुतलं. घाई नाही केली.

पाणी-मीठ — काळं. ठीक.

पहिली मेंढी — काळी.

दुसरी — हिरवी कडी! तशीच! प्रत्येक पेशीभोवती!

तिसरी काळी. चौथी हिरवी.

स्टूल ओढून बसले. पुन्हा बघितलं. काचांची अदलाबदल झाली का, ते आकडे तपासले. नाही झाली. या मेंढ्यांना आमचं प्रथिन कधी कोणी दाखवलंसुद्धा नाही. तरी त्यांच्या रक्तात कड्याला चिकटणारं तेच काहीतरी आहे. त्या शेतावरच्या काही मेंढ्यांत ते असतंच, काही मेंढ्यांत नसतं. डॉरीनमध्ये होतं. तिच्या बहिणीत नव्हतं.

म्हणजे डॉरीनच्या आधीच्या रक्ताची नळी मी फोडली नसती तर ते पहिल्याच दिवशी हिरवं आलं असतं. लॅकलनने तिथेच हात टेकले असते, दुसरं जनावर घेतलं असतं. चौदा वर्षं! कडं काहीतरी आहे, पण आमचं प्रथिन नाही. लोसाची लाल काच काळी आहे कारण तिथे ते प्रथिनच नाही. पोरगी पाच महिने खरं तेच दाखवतेय आणि आम्ही तिला हात सुधार म्हणतोय.

लोसा आठला आली. "एवढ्या लवकर?" म्हणाली. काचा डब्यात घालून डबा माझ्या बॅगेत टाकला.

बुधवार, १८ जुलै

लॅकलनकडे गेले. ठरवून, पाठ करून. दार ठोठावलं, तर "अगं ये ये, बरी आलीस!" निरोपाच्या भाषणाची चित्रं तयार करत होता. सतरा ऑगस्टला मोठ्या सभागृहात आहे. पहिलंच चित्र डॉरीनचं. दुसरं — बर्फात उभी मी, गमबूट, लाल टोपी, चेहरा हाडकुळा. कधी काढला होता हा फोटो त्याने? "हिच्याशिवाय काही झालं नसतं, असं म्हणणार आहे मी," म्हणाला. "मेंढीबद्दल म्हणतोय, असं सगळ्यांना वाटेल. मग तुला उभं करणार."

मी म्हटलं, "मला नको उभं करूस." त्याला वाटलं लाजले.

शुक्रवार, २० जुलै

सांगितलं!

उभ्या-उभ्याच. बर्फ, फाटक, खिसा, ४१८. मग चार मेंढ्यांच्या काचांचे फोटो टेबलावर ठेवले. लॅकलनने चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. बाहेर कोणीतरी ट्रॉली ढकलत गेलं.

"कोणाला सांगितलंस?"

"तुलाच पहिल्यांदा."

"लोसाला?"

"नाही."

"तेव्हाच का नाही सांगितलंस? त्याच दिवशी? दुसरी मेंढी आणली असती गं. एवढंच तर करायचं होतं!"

"तू भोंगा वाजवत होतास."

हे कुठून बोलले मी! लाज वाटली. पण तोंडातून गेलं ते गेलं. त्याने माझ्याकडे बघितलं, एकदम म्हातारा दिसला. ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाला, "बरं. जा तू. मी बघतो."

घरी चालत आले, सगळी चढण न थांबता. वाटलं होतं हलकं वाटेल. काही हलकं-बिलकं वाटलं नाही. ‘मी बघतो’ म्हणजे काय?

सोमवार, २३ जुलै

काही नाही. लॅकलनचं दार बंद. लोसा टेबलाचे खण रिकामे करतेय, एकेक. मला एक न वापरलेली वही दिली, "तुला लागेल" म्हणून.

मंगळवार, २४ जुलै

काही नाही. दोन चंचुपात्रं फोडली.

गुरुवार, २६ जुलै

नऊ वाजता सगळ्यांना लॅकलनचं पत्र आलं. तेच पत्र मासिकालाही गेलंय. १९९८ चा लेख तो मागे घेतोय. मी तीनदा वाचलं, पाठच झालंय: ‘४१७ क्रमांकाच्या मेंढीचं आधीचं रक्त काढायचं मी विसरलो. दुसऱ्या मेंढीच्या रक्ताच्या नळीवर चुकीचा आकडा माझ्याच हातून पडला. त्याच शेतावरच्या चार मेंढ्या तपासल्यावर हे उघड झालं. चूक माझी, एकट्याची. लोसा फाआलोगोचे निष्कर्ष सुरुवातीपासून बरोबर होते. समितीला मी तसं कळवलं आहे.’

माझ्या हातून, म्हणतो! अक्षर माझं आहे नळीवर! पण नळीवरचं अक्षर बघायला जातंय कोण.

चहाच्या वेळी खोलीत सगळे. चीज रोलचं ताट भरलेलं, कोणी हात लावेना. कोणीतरी डॉरीनची फ्रेम भिंतीकडे तोंड करून टांगली होती. लॅकलन आला, कपात चहा ओतला, नेहमीच्या खुर्चीवर बसला. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. लोसा उभी होती. तिचा आवाज कधी चढत नाही, आज चढला.

"विसरलास? पाच महिने मला हात सुधार म्हणत होतास! मी घरी जाऊन हातांकडे बघत बसायचे, लॅकलन! आणि तू विसरलास?"

"हो," तो म्हणाला. "मला माफ कर."

"नाही करणार."

मी तिथेच होते. दाराजवळ. ताटातला एक चीज रोल उचलला, तो खाल्ला. सगळा खाल्ला.

शुक्रवार, २७ जुलै

त्याच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं. "हे का केलंस? मी तुला सांगितलं ते यासाठी?"

"बस."

"नाही बसत!"

"नोएलीन, प्रोफेसरची ती चूक असते. टेक्निशियनची तीच गोष्ट फसवणूक असते. तीन आठवडे लोक माझ्याशेजारी चहाला बसणार नाहीत, मग मी मासे धरायला जाईन. तुला अजून चोवीस वर्षं काम करायचंय. तुला हाकलतील ते, पेन्शनही जाईल."

"पण हे खोटं आहे."

"हो. एवढी वर्षं एक खोटं तू सांभाळलंस. हे आता मी सांभाळतो. तू गप्प राहा, बस."

डोळ्यांत पाणी आलं, आभाराचं की रागाचं, मलाच कळेना. परतताना जिन्यात थांबले आणि दुसरंच काही सुचलं. ज्याला स्वतःच्याच टेक्निशियनने चौदा वर्षं फसवलं तो म्हातारा त्याला व्हायचं नाहीये. विसरभोळा म्हातारा चालेल. म्हणजे हे सगळं माझ्यासाठीच आहे असंही नाही. असं वाटून जरा बरं वाटलं. मग बरं वाटलं म्हणून स्वतःचा राग आला. किती नीच आहे मी!

रविवार, २९ जुलै

खिडक्या पुसल्या. सगळ्या. आतून बाहेरून. कोरलीचा फोन आला, उचलला नाही.

मंगळवार, ३१ जुलै

लोसाला पूर्ण एक वर्ष मिळालं!

धावतच आली, मला उचलून गोल फिरवलं, मी काही हलकी नाही. समितीपुढे ती म्हणाली म्हणे, "हिरवं कडं खोटं नाही. तिथे काहीतरी आहेच, नाहीतर मेंढ्यांच्या अँटिबॉडी चिकटल्या असत्या कशाला? ते काय आहे ते मी शोधते." अँटिबॉडीने तिथलं प्रथिन गळाने ओढावं तसं बाहेर काढायचं, तुकडे करायचे, तुकड्यांची वजनं मोजायची आणि वजनांवरून नाव लावायचं. एका वर्षात होईल. तिच्या हातून होईलच. बाबांना फोन केला तर ते कारखान्यात सगळ्यांसमोर रडले.

सतराला लॅकलनच्या निरोपाला येणार नाही म्हणाली. मजल्यावरचं कोणीच जाणार नाहीये बहुतेक. "त्या माणसाचं तोंडही नको मला. चुकला ते एक वेळ सोडून देईन. पण त्याने मला माझ्याच डोळ्यांवर शंका घ्यायला लावली."

मी म्हटलं, "लोसा, लॅकलन तसा..." आणि पुढे जाईना.

"तू नको त्याची बाजू घेऊस. तू खूप चांगली आहेस म्हणून घेतेस." मग बॅगेतून एक कागद काढला. प्रबंधातलं आभाराचं पान. बाकी प्रबंधाचा पत्ता नाही, पण हे आधीच लिहून बसली! पहिल्याच ओळीत: ‘नोएलीनला — या इमारतीत माझ्याशी कधीही खोटं न बोललेल्या एकमेव माणसाला.’

"कसं आहे?"

"छान आहे," मी म्हटलं.

छान आहे! असं म्हटलं मी!

ती गुणगुणत काचा धुवायला गेली. मी संध्याकाळपर्यंत ऐकत बसले.

बुधवार, १ ऑगस्ट

लोसा, हे पान तुला लिहितेय. वही तुझ्या टेबलावर ठेवते. तीन जुलैपासून वाच. धीर नसेल तर आधी सहा जुलै वाच. तुझ्याबद्दल बरंवाईट जे लिहिलंय ते तसंच आहे, काही खोडलेलं नाही. लॅकलन काहीही विसरला नव्हता. मी खाली फ्रीझरच्या खोलीत आहे, ४१८ ची ती नळी काढून ठेवते; वाचून झालं की ये.